गाणं बदलायला चौदा थांबे

२ फेब्रुवारी. सकाळी ५.४०, डेपो.
आजपासून महिनाभर प्रामाणिक नोंदी ठेवायच्या. टाइल्सच्या गोदामाची दिवसाची फेरी महिनाअखेरीस एका ड्रायव्हरला कायमची मिळणार. सकाळी सहाला निघायचं, साडेपाचला घरी. स्पर्धेत दोघेच, मी आणि ज्याला डेपोत सगळे मिशी म्हणतात तो ड्रायव्हर. दोघांनाही महिनाभर तीच फेरी, वेगवेगळ्या ट्रकवर.

मला ती मिळालीच पाहिजे. हिला एका दवाखान्यात रिसेप्शनचं काम मिळतंय, संध्याकाळी सहा ते नऊ. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा त्या वेळी घरी कोणीतरी हवं. म्हणजे मी हवा. मी हिला सांगितलं, फेरी मिळाली असंच धर. ही म्हणाली, बरं.

मिशी माणूस लाखातला, पण कानात कायम इयरफोन. आणि आजच ऑफिसने नोटीस लावली. गाडी चालवताना इयरफोन लावायचा नाही. गाडी चालू असताना फोनला हात लावायचा नाही. केबिनच्या स्पीकरवर गाणी चालतील, पण मागचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. मी नोटीस तीनदा वाचली. मिशीने एकदाही नाही. निकाल इथेच लागल्यासारखा आहे.

३ फेब्रुवारी
आवाज नक्की किती ठेवायचा? नोटिशीत आकडा नाही. प्रयोग केला. मी केबिनमध्ये गाणी लावून बसलो, मिशीला मागून हॉर्न वाजवायला सांगितलं. सहा वेळा वाजवला. सातव्यांदा वॉचमन काठी घेऊन आला. मिशी त्याला म्हणाला, मला काय विचारतोस, बीएला विचार, त्याचं संशोधन चाललंय. (डेपोत पदवी माझ्या एकट्याकडे आहे. तेच माझं टोपणनाव पडलं आहे.)

निष्कर्ष: आवाज सहावर असेपर्यंत हॉर्न ऐकू येतो. खबरदारी म्हणून पाच ठेवला. पाचवर इंजिन सुरू झालं की गाणं जेमतेम ऐकू येतं. पण कुठलं चालू आहे हे मला कळतं.

५ फेब्रुवारी
सहा तास बारा मिनिटांची यादी काल बसून तयार केली. सपाट रस्त्याला संथ गाणी, चढाला जरा उभारी देणारी. निघाल्यावर फोनला हात लावायचा प्रश्नच नाही.

फोनने यादी उलटसुलट केली. उताराला आमच्या मुलीचं आवडतं, चढासाठी ठेवलेलं नाचाचं गाणं लागलं. काटा साठवरून चौसष्टवर. इथली मर्यादा साठची. गाणं बदलणं भाग, पण गाडी चालू असताना हात लावता येत नाही. तेव्हा सुरक्षित जागा बघितली, इंडिकेटर दिला, बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, गाणं बदललं. एकूण तीन मिनिटं. पुढच्या गाण्यालाही तेच करावं लागलं. त्याच्या पुढच्यालाही.

गोदामात पोचलो तेव्हा माल उतरवणारे न्याहारीला गेले होते. पाऊण तास बसलो. कायदा पाळायचा तर थोडं बसावं लागतं.

८ फेब्रुवारी
यादीतून वेगवान गाणी काढली. आज सगळी विरहाची. तिसऱ्याला डोळे भरून आले, चष्मा धूसर झाला. थांबलो. पुसला. मग मनात आलं, डोळे भरून येणं हे लक्ष विचलित होणंच नाही का? आणि असल्या प्रश्नाचा विचार चालत्या गाडीत करणं कितपत योग्य? पुन्हा थांबून विचार केला. अकरा थांबे.

११ फेब्रुवारी
मिशीने इयरफोन काढून टाकलाय. आता तो स्वतःच गातो. एकच गाणं, दोनच ओळी, तिसरी त्याला येत नाही. दहाच्या आत पोचतो. मी त्याला विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणाला, मला नाही येत, गाडीला येत असेल तर तिने सांगावं.

यावर विचार केला. टिकण्यासारखी पद्धत नाही.

१४ फेब्रुवारी. दुपारी २.१५
मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. टेबलावर माझ्या ट्रकचा ट्रॅकर-रिपोर्ट. कालचे चौदा थांबे, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे. साहेबांनी उठून दार लावून घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, चाळिशीनंतर त्यांचंही असंच सुरू झालं होतं, यात लाजण्यासारखं काही नाही. पाणी किती पितोस? मी म्हणालो, पुरेसं. त्यांनी मान हलवली आणि साखर तपासायची चिठ्ठी लिहून दिली.

मी खोटं बोललो का? त्यांनी थांबण्याचं कारण विचारलं नव्हतं, पाण्याचं विचारलं. पाणी मी पुरेसं पितो.

१७ फेब्रुवारी
उपाशीपोटी रक्त दिलं. डेपोभर बभ्रा झालेला. कँटीनच्या मावशींनी न सांगता बिनसाखरेचा चहा पुढे केला. मिशीने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, बीए, घाबरू नकोस, माझा काका तर दर फर्लांगाला उतरायचा, ऐंशी वर्षं जगला.

चहा मुकाट्याने प्यायलो. हे मात्र बहुधा खोटं होतं.

२० फेब्रुवारी
रिपोर्ट ठणठणीत. साहेबांना आनंद झाला. म्हणाले, मग उतरतोस कशाला?

सगळं क्रमवार सांगितलं. आवाजाचा प्रयोग, चष्मा, साठ आणि चौसष्ट.  साहेब म्हणाले, अरे, मग गाणी बंदच का नाही ठेवत?

हा पर्याय माझ्या विचारात आला नव्हता. नोंद घेतली.

२१ फेब्रुवारी
गाणी बंद. मागच्या डाव्या चाकातून बारीक खडखड येते असं लक्षात आलं. इतके दिवस गाण्यांमुळे ऐकू आली नसेल. म्हणजे पाचसुद्धा जास्तच होता! नऊ वेळा उतरून चाक तपासलं. दहाव्यांदा समजलं, केबिनमधल्या जेवणाच्या डब्याचं झाकण.

चौदावरून दहा. सुधारणा स्पष्ट आहे. लवकरच शून्य.

२६ फेब्रुवारी
शून्य! एकदाही थांबलो नाही. इतका रंगलो की गोदामाच्या फाटकासमोरही थांबलो नाही. ट्रक वळवायला जागा मिळाली बारा किलोमीटर पुढे. तरीही नोंदीत शून्य ते शून्यच.

२८ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.३०
फेरी मिशीला. साहेब म्हणाले, नियम तू पाळलेस, माल त्याने पोचवला. वाद घालण्यासारखं त्यात काही सापडलं नाही. मला सोमवारपासून लांबचा मार्ग, तीन दिवस जायला, तीन यायला.

घरी येताना हिला काय सांगायचं याची तयारी केली. चार मुद्दे काढले. दवाखान्याला मीच फोन करून हिच्या वतीने माफी मागणार होतो. माझ्यामुळे हिची नोकरी गेली, हे मान्य करायचं, हा पहिला मुद्दा.

ही बाबांच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. मी सुरुवात केली. ही म्हणाली, कुठली गेली? हिने चार तारखेलाच दवाखान्यात सकाळची पाळी मागून घेतली. सकाळी आत्या येऊन बाबांजवळ बसते. तीन आठवडे ही रोज कामाला जाते आहे.

मी विचारलं, मला कसं सांगितलं नाहीस? म्हणाली, दोनदा सांगितलं, अहो, तुम्ही यादी करत होता.

बाबा म्हणाले, मलाही माहीत आहे.

मी ही वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. कुठेच नोंद नाही. दुसरा मुद्दा काढणार, तेवढ्यात ही म्हणाली, जरा सरका हो, उजेड अडतोय.

सरकलो.