दोन कोपऱ्यांच्या बदल्यात एक गुडघा

आबा, आमच्या खानावळीच्या कबड्डी संघानं दोन तगडे कोपरे देऊन एक म्हातारा चढाईवाला घेतला, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिणार तरी कशी, चौथीपर्यंतची शाळा, आणि अक्षर असं की तुमचा जावई म्हणतो, हिची किराण्याची यादी वाचायला वकील लागतो. लेक अबू धाबीकडे खलिफा सिटीत राहते, तिला फोनवर सांगायला गेले तर म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ गेम." म्हणजे संपलं. तिनं तुम्हाला मैदानात बघितलेलं नाही. मी बघितलंय, आणि मैदानाबाहेर बसवलेलंही मीच बघितलंय.

आधी इथली रीत सांगते, नाहीतर तुम्ही मधेच अडवाल. दुबईत अल क्वोज म्हणून भाग आहे, सगळी गोदामं, गॅरेजं आणि कामगारांच्या खोल्या. तिथे माझी खानावळ. मी स्वयंपाक करते, तुमचा जावई व्हॅनमधून डबे पोचवतो. जेवायला बहुतेक आपल्याकडचीच माणसं, कुणी इमारतींना परांच्या बांधणारा, कुणी एसीचे डक्ट बसवणारा, कुणी पेंटर. इथे संघ गावावरून ठरत नाही आणि कंपनीवरूनही नाही, कारण कंपनी माणसं आज इकडे ठेवते, उद्या तिकडे. इथे संघ डब्यावरून ठरतो. ज्याच्या डब्यावर माझा लाल आकडा, तो माझ्या खानावळीकडून खेळणार. दोन गल्ल्या पलीकडे दुसरी खानावळ आहे, तिचा आकडा हिरवा. कुणाला संघ बदलायचा असला तर जुना आकडा थिनरनं पुसायचा आणि नवा रंगवायचा. रंग वाळला की माणूस आपला झाला, मग परत फिरायचं नाही. आमच्या बाजूचा ब्रश माझ्या हातात असतो. मला खेळातलं कळतं म्हणून नाही, मला तेवढंच रंगवता येतं म्हणून.

आमचा कप्तान कराडकडचा, परांच्या बांधणाऱ्यांचा फोरमन. आमच्याकडे पकडी चांगल्या, पण चढाईला जाईल तो हात हलवत परत येतो, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. तो परस्पर हिरव्यांकडे गेला आणि कोपऱ्यात उभे राहून घोटा धरणारे आमचे दोन्ही कोपरे देऊन त्यांचा चढाईवाला मागून आला. आणि वर शहाणपणा असा की आमच्या दोघांचे डबे आधी पाठवून दिले. तिकडे त्यांच्यावर हिरवा रंग वाळलासुद्धा, तेव्हा मला कळलं. हा चढाईवाला म्हणजे एके काळी असा होता की त्याला धरायला चारजण लागायचे. पण वय चाळीसच्या घरात गेलं, आणि मागच्या हंगामात तो रिकामा गेला आणि रिकामा आला, नाहीतर पकडीत सापडून मधल्या रेघेच्या पलीकडेच झोपला.

त्या संध्याकाळी खानावळीत जेवण कमी आणि वाद जास्त. डक्टवाला म्हणाला, त्याच्यापेक्षा आमच्या साइटवरची क्रेन लवकर वळते. पेंटर म्हणाला, दोन नवे टायर देऊन पंक्चर ट्यूब आणली कप्तानानं. दुसरा कुणी म्हणाला, हिरव्यांनी तर अंगावरची कटकट काढली, तिकडे पेढे वाटत असतील. कप्तान मान खाली घालून आमटी ओरपत होता. मग म्हणाला की तो माणूस त्यांच्या सगळ्या गड्यांबरोबर पाच वर्षं जेवलाय, कोण कुठल्या पायावर भार देऊन उभा राहतो ते त्याला माहीत आहे, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर हात वर करा. हात कुणी वर केला नाही, पण गप्पही कुणी बसलं नाही. मी म्हटलं, भाकरी गार होतायत, पंचाईत नंतर करा. मला मनातून कप्तानाचं पटलं होतं. मला वाटतं ते मी तिथल्या तिथे बोलते हे तुम्हाला माहीत आहे. पण डबे मला न विचारता गेले, त्या रागात तेवढं बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तो चढाईवाला आला. दारात चप्पल काढली, डबा पुढे ठेवला, त्यावरचा हिरवा आकडा त्यानं स्वतःच घासून आणला होता. "अक्का, आकडा घाला," म्हणाला. मी म्हटलं, आधी जेव. आमच्याकडे चटईवर पंगत बसते. सगळे मांडी घालून बसले. हा भिंतीला टेकला, उजवा पाय दुमडला आणि डावा सरळ लांब पसरून त्याच्यावर रुमाल टाकला. कुणीतरी विचारलं तर म्हणाला, मुंग्या आल्यात.

आबा, मी हातातला भाताचा डाव तसाच धरून उभी राहिले. मुंग्या आल्यात. हेच शब्द. मी तेरा वर्षांची आहे, तुम्ही ओट्यावर बसलेले आहात, डावा पाय पुढे, गुडघ्यावर उपरणं, आणि शेजारचे काका विचारतात तसे तुम्ही हसून सांगता, मुंग्या आल्यात. आई उजाडायच्या आत शेतात भांगलायला जायची, म्हणून तुमचा गुडघा माझ्या वाट्याला आलेला. वीट चुलीत तापवायची, फडक्यात गुंडाळायची, शेक द्यायचा, मग करंजाचं तेल लावून चोळायचं. सूज उतरायची आणि तुम्ही तालमीत जायचात. संध्याकाळी परत तेवढीच सूज. एकदा मी म्हटलं, आबा, आता बास करा. तुम्ही माझा हात झटकून टाकलात आणि म्हणालात, हे घराबाहेर गेलं तर याद राख. तुम्ही मला कधी मारलं नाही. पण त्या दिवशीच्या आवाजानं मी दोन दिवस तुमच्यासमोर आले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या गावची स्पर्धा जिंकून आलात आणि बक्षीस मिळालेला स्टीलचा डबा माझ्या हातात दिलात. त्याच्यावर कोरलं होतं, उत्कृष्ट चढाई. तुम्ही म्हणालात, हा तुझा, तुझ्या हातानं जिंकला. तो डबा इथे माझ्याबरोबर आहे. त्यात मीठ ठेवते. अक्षरं आता निम्मी पुसलीत.

आणि त्यानंतर आठवड्यानं मी तुमच्या वस्तादांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. वीट, तेल, सूज, सगळं. कारखान्याच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात वस्तादांनी तुमचं नाव काढून टाकलं. कारण सांगितलं नाही. तुम्ही शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून रेघेबाहेर बसलात, पूर्ण सामनाभर, आणि त्यानंतर तालमीची पायरी चढला नाहीत. कुणी सांगितलं हे तुम्ही शेवटपर्यंत शोधत राहिलात. शेजारच्या काकांवर संशय धरून तर तुम्ही त्यांच्याशी बोलणंच टाकलंत. मी तेव्हाही गप्प होते.

म्हणून मी त्या दिवशी डावा पाय बघितला आणि आकडा घातला नाही. कप्तान मला विचारायला लागला, अक्का, रंग संपलाय का? परवा मॅच आहे. आता कसं बघा. मी कप्तानाला बोलले असते तर तो माणूस तिथेच संपला. आमच्याकडे त्याला घेतला नसता, आणि तिकडचा त्याचा आकडा पुसलेला. गप्प बसून आकडा घातला असता तर तो पाय मैदानात मोडला असता आणि मग इथे परांच्या कोण चढणार, कंपनी लंगड्या माणसाला विमानात बसवते. तो परांच्या बांधणाराच आहे. घरी त्याच्या दोन मुली शाळेत आहेत, हे त्यानं पहिल्या घासाबरोबर सांगितलं होतं.

सगळे हात धुवायला गेले तेव्हा मी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "गुडघा दाखव."

तो म्हणाला, "कुठला गुडघा?"

"ज्याच्यावर रुमाल टाकलायस तो. मी तेरा वर्षांची होते तेव्हापासून असले गुडघे चोळलेत. मला शिकवू नको."

त्यानं रुमाल काढला नाही. इकडेतिकडे बघितलं आणि हळू म्हणाला, "अक्का, कुणाला बोलू नका. एक हंगाम द्या मला."

"मी नाही बोलणार. कुणाच्या पाठीमागे तर मुळीच नाही. तू बोलणार. आत्ता, सगळ्यांसमोर. बोललास तर आकडा घालते, मग ते तुला खेळवू देत नाहीतर पाणी द्यायला ठेवू देत. नाही बोललास तर रंग संपला."

मला वाटलं, तो उठून जाईल. मी भांडी गोळा करायला लागले. वाट बघत बसणं मला जमत नाही. मागून आवाज आला, त्यानं सगळ्यांना हाक मारली होती. डाव्या गुडघ्याची गादी गेलीय, असं तो म्हणाला, मागच्या हंगामात म्हणूनच झोपत होतो, वळताना पाय सुटतो. मग जे सुरू झालं ते विचारू नका. डक्टवाला म्हणाला, घ्या, ट्यूब पंक्चर नाही, फाटलेलीच आहे. पेंटर म्हणाला, आपले दोघे परत आणा. कप्तान म्हणाला, त्यांच्यावर हिरवा वाळलाय, खलास. मग सगळे कप्तानावर तुटून पडले.

तो माणूस मधेच उठून उभा राहिला, भिंतीला धरून. म्हणाला, "मला प्रत्येक चढाई नको. दोन द्या, कधी ते मी सांगतो. आणि माझा पाय गेलाय हे लपवू नका. त्यांना कळू दे. उद्या डबे पोचवताना मुद्दाम सांगा." डक्टवाल्यानं विचारलं, का, दया यावी म्हणून? तो म्हणाला, "तुमचे दोन कोपरे मला माहीत आहेत. आयता घोटा दिसला की दोघांना धीर धरवत नाही."

मी ब्रश घेतला आणि त्याच्या डब्यावर लाल आकडा घातला. पेंटर म्हणाला, अक्का, सगळ्यांना विचारून तरी. मी म्हटलं, विचारते की, उद्यापासून आमटीही विचारून करते.

रविवारी गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागेत मॅच झाली. खडी चाळून काढलेली वाळू, चुन्याच्या रेघा, भोवती माणसंच माणसं. मी सहसा जात नाही, त्या दिवशी भात तुमच्या जावयावर सोडून गेले. पहिल्या चढाईत त्याला काही मिळालं नाही, पण मधल्या रेघेला हात लावून सुटून परत आला. तिकडून कुणीतरी ओरडलं, काका, काठी आणा. दुसरी चढाई त्यानं शेवटाकडे मागितली. दम लावून आत गेला आणि डावा पाय, तो गेलेला पाय, पट्टी बांधलेला, पुढे सरकवला आणि तिथेच ठेवला. ठेवला म्हणजे ताटात वाढावा तसा. आमचे जुने दोन्ही कोपरे, माझ्याच हातचं दोन वर्षं खाल्लेले, एकदम त्या घोट्यावर पडायला वाकले. त्यानं पाय काढला नाही. वाकलेल्या दोघांच्या पाठीला दोन हात लावले, आणि त्यांची बोटं घोट्यावर आवळायच्या आत अंग मागे टाकून दिलं. मधल्या रेघेला त्याचं मनगट लागलं होतं. पंचांनी दोन बोटं दाखवली. डक्टवाल्यानं पेंटरला मिठी मारली, पेंटरनं कप्तानाला, आणि चढाईवाला तिथेच वाळूत पडून पाय धरून हसत होता. त्याला उचलून बाहेर आणावं लागलं.

मॅच आम्ही हरलो, दोन गुणांनी. आमच्या बाजूला कोपरे नव्हते ना. अजून रोज जेवताना वाद चालतो, सौदा बरोबर की चूक. डक्टवाला अजून क्रेनचंच बोलतो. मला कुणी विचारत नाही, मी सांगते, बरोबर होता. त्याला मी प्लॅस्टिकची खुर्ची दिलीय, पंगतीत सगळ्यांत उंच बसतो आणि ते त्याला आवडत नाही. बसतो मात्र. पुढची मॅच तो खेळणार नाही, बाहेरून सांगणार आहे.

मी मात्र त्या वाळूत उभी राहून तुमचा विचार करत होते, आबा. तो घोटा त्याला पुढे करता आला, कारण तो सगळ्यांना माहीत होता. तुमचा गुडघा मी वस्तादांच्या कानात सांगितला, मागच्या दारानं. तुमच्यासमोर उभी राहून म्हटलं असतं, तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते, तर तुम्ही मला एक ठेवून दिली असती, पण कदाचित दोन चढाया मागून घेतल्या असत्या. कारखान्याच्या मैदानावर. तुमच्यापाशी तेवढं डोकं होतं. गुडघा वाईट होता हे खरं, त्याबद्दल मी आजही माघार घेणार नाही. पण काकांचं बोलणं तुटलं ते माझ्यामुळे, आणि ते तुमच्या तेराव्यालाही आले नाहीत.

हा कागद मिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे, त्या कोरलेल्या अक्षरांखाली. दुसरीकडे कुठे पाठवणार. आता कणीक मळायला घ्यायची आहे, म्हणून राहिलेलं एकदाचं सांगून टाकते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी तुमचा पाय वाचवायला वस्तादांकडे गेले. तसं नव्हतं. रोज काळोखात उठून वीट तापवायचा मला कंटाळा आला होता, आबा. मला सकाळी थोडं झोपायचं होतं.