शहर बसची मुदतवाढ

मंगळवार, जून २०२१

शहर बसच्या ठेक्याची मुदत शुक्रवारी संपते. या साथीत नव्या निविदेला कोण येणार? तरीही काल नगरपालिकेच्या टिपणीत मी लिहून टाकलं: ‘प्रवासी नगण्य. मुदतवाढ नको.’

तो ‘नगण्य’ टोचत राहिला. म्हणून आज सकाळी पहिल्या बसमध्ये बसलो. पाच बायका, सगळ्या दवाखान्यात कोविड वॉर्डची सफाई करणाऱ्या. बस बंद झाली तर काय कराल, असं त्यांच्यातल्या शेवंताबाईंना विचारलं.

“ऑटोवाले आमाला घेत न्हाईत, साहेब. कोरोना आणता म्हणतात.” मग हसल्या. “तुमी काहून बसलात? भेव न्हाई वाटत?”

वाटत होतं. खिडकीला चिकटूनच बसलो होतो.

कचेरीत जाऊन ‘नगण्य’ आणि पुढचं ‘मुदतवाढ नको’ खोडलं, शेजारी सही केली आणि लिहिलं: ‘पाच. यांच्यावर वॉर्ड चालतो. सहा महिने मुदतवाढ द्यावी.’ ठेकेदाराला सांभाळलं, असं लोक म्हणतील. खरंच तसं झालं का? नाही. ठेक्यातली मुदतवाढीची तरतूद दोनदा वाचली.

मुख्याधिकाऱ्यांनी खोडलेल्या शब्दांवर बोट ठेवलं. “हे काय?”

“माझी चूक, साहेब.”

त्यांनी सही केली.

उद्या पहिली फेरी पंधरा मिनिटं अलीकडे घ्यायला सांगायचं. दवाखान्यात त्यांची हजेरी सातची असते. आज बस सात-पाचला पोचली आणि त्या पाचही जणी फाटकापासून पळत गेल्या.