चंद्रावर गेलेल्या माणसाची शेवटची पानं

आप्पा, या पंधरवड्यात मी तीन कादंबऱ्या वाचून काढल्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तर झालास, अन् अजून थापाच वाचतोस व्हय रं?" हो, वाचतो. इथं अंबाजोगाईच्या वाचनालयात पुण्याहून पुस्तकांची पेटी आली की पहिला हात माझाच. पहिलीत एक खलाशी बेटावर अडकतो आणि दीडशे पानं वाघांशी झुंजतो. त्याला भूक लागत नाही, एकदाही चूल पेटवत नाही. असला कसला माणूस! दुसरीत जमिनीच्या पोटात अख्खं शहर आहे, तिथं तेलावाचून दिवे जळतात. ती लई आवडली. दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवताना मी दोनदा पायाखालच्या फरशीकडे बघितलं. तिसरी उघडली आणि दुसऱ्याच पानावर थांबलो. चंद्रावर जायचं यंत्र बांधणारा तो माणूस, आप्पा. आपलीच कादंबरी.

तो श्रावण तुम्ही विसरला नसाल. नांदूरघाटात शेत सांभाळून तुम्ही मारुतीच्या देवळात गावाला पोथी वाचून दाखवायचात, आणि त्या दिवशी तुमचा घसा बसला होता. तुम्ही पोथी माझ्यापुढे सरकवता आणि खुणेनं सांगता, वाच. मी रुमालाची गाठ सोडतो तर वरच माझी कादंबरी! तुम्हाला दिसू नये म्हणून मीच तिथं खुपसली होती. आता काढावी तर सगळ्यांसमोर दिसणार. मग काय, पोथीच्याच चालीवर कादंबरी वाचायला लागलो. यंत्र ढगांच्या वर गेलं तशा म्हाताऱ्या हात जोडायला लागल्या, "देवाची लीला गं माय!" पायरीवर बसलेला फळवाला चाचा म्हणाला, "फिर क्या हुआ? जल्दी बोलो ना!" तुमचा चेहरा लालबुंद. पण सुरू केलेला अध्याय अर्धवट सोडायचा नाही, हा नियम तुमचाच. तो अध्याय संपेपर्यंत ऐकावंच लागलं तुम्हाला. घरी आल्यावर मात्र हाताला आली तेवढी मागची पानं टर्रकन फाडलीत. "थापाड्या! देवाच्या रुमालात थापा बांधतोस?" ती पानं चुलीत गेली असं मी धरून चाललो, आणि त्या रागात आठ दिवस तुमच्याशी बोललो नाही.

दोन वर्षांनी तुम्ही अंथरूण धरलंत. एका दुपारी मी पाय चेपतोय, तुम्ही आढ्याकडे बघताय, आणि मध्येच विचारता, "ते चंद्रावर गेलतं ते बेनं, आलं का रं माघारी?" मला काय ठाऊक? पानं तर तुम्हीच फाडलेली. पण हाताखाली तुमच्या पायांची नुसती हाडं लागत होती. मी म्हणालो, "आला की आप्पा. दिवाळीला घरी आला." "बरं झालं," म्हणालात आणि कूस बदललीत. ती दिवाळी तुम्ही बघितली नाहीत.

आता अख्खी कादंबरी हातात आली तर कळलं, तो परत येत नाही. यंत्र मोडतं. तो तिथं एका दगडावर बसून आपल्या पृथ्वीकडे बघत राहतो, बस्स. लेखकाचा असा राग आला म्हणून सांगू! आणि त्याहून जास्त स्वतःचा. मरणाऱ्या बापाला मी खोटं सांगितलं आणि बाप ते खरं धरून गेला. तीन दिवस जेवण गोड लागलं नाही.

दसऱ्याला गावी गेलो. तुमच्यामागं त्या पोथीची गाठ आम्ही कधी सोडलीच नाही. दरसाल पाटावर ठेवायची, बांधलेल्या रुमालालाच हळदकुंकू वाहायचं, परत ठेवून द्यायची. या खेपेला तुमची सून म्हणाली, "अवो, बांधून ठिवायला पोथी असती व्हय? सोडा की ती गाठ." सोडली. पोथीच्या खाली ती फाडलेली पानं होती. लिहिलेल्या कागदाला पाय लागू द्यायचा नाही म्हणणारे तुम्ही, चुलीत कसे घालणार होतात! म्हणजे मला विचारलंत तेव्हा शेवट तुम्ही वाचलेला होता. आणि अखेरच्या ओळीखाली, आजारपणातल्या थरथरत्या मोडी अक्षरात, तुमच्या हातची ओळ: 'दिवाळीस घरी आला. मुलाने सांगितले. अध्याय समाप्त.'

मी तिथंच पाटासमोर रडलो, आप्पा. सून घाबरली. मग तिला वाचून दाखवलं तर तीही डोळे पुसत हसायला लागली.

परवा आमच्या शाळेवरून विमान गेलं. खरंखुरं. पोरं अंगणात धावली, मी त्यांच्या पुढं. मान दुखेपर्यंत बघत होतो. म्हटलं, आज एवढं उडतंय, तर उद्या कुणीतरी चंद्रावरही जाईल, आणि माघारीही येईल.

हे पत्र टपालात कुठं टाकणार? पुढच्या खेपेला गावी गेलो की तुमच्या पानांबरोबर रुमालातच बांधतो. एक सांगायचं राहिलं. वाचनालयातल्या त्या नव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी तुमची ओळ शाईनं लिहून ठेवली आहे. पुस्तक माझं नाही. कुणी विचारलं तर मी कानावर हात ठेवणार आहे.