पोथीसाठी घेतलेला छोटा कॅमेरा

मास्तर, तुम्हाला कॅमेऱ्याविषयी काही विचारायचे आहे, आणि ज्याला विचारावे असा दुसरा कोणी मला दिसत नाही. तुम्ही गेलात तेव्हा फोटो म्हणजे फिल्म आणि फिल्म म्हणजे शहापूरच्या बाजारातील तुमच्या स्टुडिओमागची ती अंधारी खोली, एवढेच आमचे जग होते. आता माझ्यापुढे चौरंगावर सहाणेवरच्या चंदनाच्या खोडाएवढा एक डिजिटल कॅमेरा ठेवला आहे. त्याला फिल्म नाही, बदलायचे भिंग नाही. कळ दाबली की लहानशी नळी आपणहून बाहेर येते आणि काम झाले की आत जाते. पणजोबांनी बोरूने लिहिलेली आमची पोथी तुम्हाला आठवत असेल. तिच्या शाईत हिराकस असल्यामुळे अक्षरेच कागद खात चालली आहेत. तुम्ही एका रोलमध्ये तिची छत्तीस पाने टिपलीत आणि म्हणालात, "बाकीची पुढल्या वर्सी." पुढल्या वर्षी तुम्ही अंथरुणावर होतात, आणि त्याच्या पुढल्या वर्षी नव्हतात. उरलेली पाने नाहीशी होण्याआधी टिपायची तर छोट्या कॅमेऱ्याने की मोठ्या, हा प्रश्न गेले वर्षभर माझ्या मनात आहे.

मला हे वेड तुम्हीच लावले. तुमचा मुलगा माझ्या संस्कृतच्या वर्गात होता. त्याच्या निमित्ताने मी दुकानात आलो आणि मग शाळा सुटल्यावर रोज येऊ लागलो. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली लग्नातल्या जोडप्यांचे फोटो, आणि मागच्या खोलीत तांबडा दिवा. ट्रेमधल्या पाण्यात कोरा कागद हलतो आहे आणि त्यात हळूहळू एक चेहरा उमटतो आहे. अव्यक्तातून व्यक्त कसे प्रकट होते, हे मी वीस वर्षे मुलांना शिकवीत होतो. डोळ्यांनी पाहिले ते तुमच्याकडे. तुम्ही मला गुरुजी म्हणायचात, मी तुम्हाला मास्तर. एका रविवारी तुम्ही मला तानसाला नेलेत. तलावाच्या काठी मी सारखा विचारीत होतो, कोणते भिंग घेऊ, पन्नासचे की अठ्ठावीसचे? शेवटी तुम्ही कॅमेरा माझ्या हातून काढून घेतलात. "आदी उभं कुटं रायचं ते ठरवा, गुरुजी. भिंगाचं मंग बगू. सकाळपासनं तुमी पाणी बगितलंच नाय." वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला कोणी असे बोलले नव्हते. परतताना एसटीत मी घुश्शात होतो आणि तुम्ही खुशाल भुईमुगाच्या शेंगा सोलून माझ्या ओंजळीत टाकीत होतात.

दुकान आता तुमचा मुलगा चालवतो. गेल्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने आपला मोठा डिजिटल कॅमेरा माझ्या हाती दिला. वजन जवळजवळ तुमच्या जुन्या कॅमेऱ्याइतकेच, आणि भिंगे तीन. मी विचारले, "अरे, त्या छोट्या कॅमेऱ्याच्या एवढ्याशा डबीतही तेवढीच टिंबे, म्हणजे पिक्सेल, असतात असे जाहिरातीत म्हणतात. मग एवढे ओझे कशाला?" तो हसला. "सर, टिंबं तेवढीच, पण घर लहान. एका खोलीत दहा माणसं कोंबली तर कुणाला धड हातपाय पसरता येतील? माझ्यात प्रत्येक टिंबाला मोठी खोली आहे, म्हणून उजेड जास्त मावतो. तुमचं देवघर अंधारं असेल ना?" अंधारे आहे, मी म्हणालो. "मग मीच येतो. एका दुपारचं काम. पैशाचं नाव काढायचं नाय." मी म्हणालो, बघू, कळवतो.

पुढच्याच आठवड्यात मी लेकीला कल्याणहून छोटा कॅमेरा आणायला सांगितले.

तो आल्यावर मी लहान मुलासारखा त्याच्या मागे लागलो. पंचांग उघडून, तुळशीपाशी, ओसरीवर, कुठेही फोटो काढीत बसायचो. लेक म्हणायची, "बाबा, जपाची माळ कुठे ठेवलीत ते आठवत नाही आणि कॅमेऱ्याची बॅटरी मात्र वेळेवर चार्ज होते तुमची!" मला नवल वाटले ते याचे, की छोट्या भिंगाला सगळेच स्पष्ट दिसते. पुढचे वृंदावन, मागची विहीर, तिच्यापलीकडचा आंबा, सारे एकसारखे रेखीव. मोठा कॅमेरा एका गोष्टीवर दृष्टी ठेवतो आणि बाकीचे विरघळू देतो; ध्यानाला बसलेल्या माणसाचे असेच होते. छोटा मात्र समदर्शी. मी कित्येक दिवस या विचारात रमलो होतो की साधनेची ही दोन अंगे यंत्रातही कशी उतरली. पण पंचांगाच्या पानाजवळ नेल्यावर त्या समदर्शी भिंगात एक दोष दिसला. जवळून काढले की पानाच्या कडेच्या ओळी धनुष्यासारख्या वाकतात. चार हात मागे सरकून नळी पूर्ण लांब केली, तेव्हा त्या सरळ झाल्या.

त्या क्षणी मला तुमचे वाक्य ऐकू आले आणि तो ऋषिपंचमीचा दिवस डोळ्यांपुढे उभा राहिला. पोथी देवघराचा उंबरा ओलांडीत नाही आणि वर्षातून त्याच एका दिवशी तिचे तांबडे वस्त्र सुटते, ही आमच्या घराची रीत. म्हणून तुम्हालाच घरी यावे लागले. तुम्ही अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, पावसातून चालत आला आहात. वहाणा अंगणात काढल्या आहेत, पाय दोनदा धुतले आहेत. तुम्ही माजघर ओलांडून देवघराच्या दाराशी येता आणि मी म्हणतो, "मास्तर, पट्टा चामड्याचा आहे. आत चामडे चालत नाही." ते खरे होते, मीदेखील घड्याळ काढून जातो. तुम्ही म्हणता, "हात्तिच्या, एवढंच ना?" आणि तिथेच उभे राहून कॅमेऱ्याचा पट्टा सोडवता, चामडी खोळ काढता, दोन्ही ओसरीवर ठेवून मोकळा कॅमेरा दोन्ही हातांत धरून परत येता. आता चामडे कुठेच नाही. मी दारातच उभा आहे. मी बाजूला होत नाही. मग तुम्ही हसता. "गुरुजी, तुमी बसा पोथीजवळ, पानं उलटा. आमी हितनंच काढतो. लांबून काढलं का वळी सरळ येतात." पिशवीतून लांब भिंग काढून तुम्ही ते चढवता आणि कॅमेऱ्याचे तिकाटणे माजघरात मांडता.

म्हणजे तुमचे कारण खरे होते! इतक्या वर्षांनी मला ते प्रयोगाने पटले. जो प्रसंग आठवला की मी विषय बदलीत असे, तो शुद्ध प्रकाशशास्त्राचा निघाला, या आनंदात मी ही सगळी हकीगत लेकीला सांगितली. ती भाजी निवडीत होती. तिने हात थांबवून विचारले, "पण बाबा, लांब भिंग त्यांच्याकडे होतं का? दुकानात तर पासपोर्ट नि लग्नाचेच फोटो असायचे."

नव्हते, मास्तर. मला आठवले. ते तुम्ही कल्याणच्या कुणा ओळखीच्याकडून एका दिवसापुरते मागून आणले होते आणि दुसऱ्या सकाळी परत द्यायला गेला होतात. म्हणजे घरून निघतानाच तुम्हाला ठाऊक होते की तुमची जागा कुठे असेल. की खरेच ओळी सरळ याव्यात म्हणून आणले होतेत? तुम्ही कामात असे चोख होतात की हेही अशक्य नाही. तुमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तुम्ही दहा-बारा वर्षांचे होतात. त्याआधी गावात कोणत्या दारात कुठवर यायचे हे तुम्ही शिकलेलेच असणार. तुम्हाला विचारायचे आहे ते हेच, आणि दोन्ही उत्तरांची मी मनात पुष्कळ उलटतपासणी केली आहे.

यंदाच्या ऋषिपंचमीला मी देवघराचे दार ओढून घेतले आणि एकट्याने उरलेली पाने छोट्या कॅमेऱ्याने टिपली. भाद्रपदातले आभाळ, एकच झरोका, दोन समया. फ्लॅश लावला तर घोटलेल्या कागदावर पांढरा डाग पडे. न लावला तर चित्रावर रवा पसरल्यासारखे दाणे. मूळ ओळी वाचता येतात. पण पणजोबांनी समासात फिक्या शाईने लिहिलेल्या टिपा, ज्यांत त्यांचे स्वतःचे चिंतन आहे, त्या पुसल्यासारख्या झाल्या आहेत. तुमच्या छत्तीस पानांतील टिपा मी भिंगाखाली आजही अक्षर न् अक्षर वाचतो. यंदा पाने उलटताना शेवटच्या काही पानांचे समास माझ्या बोटांत तुटले. त्यांची चित्रे आहेत, ती अशी दाणेदार. पुन्हा टिपायला आता तिथे काही नाही.

लेकीला मी सांगितले की छोटा कॅमेरा हलका, त्याला चामड्याचा पट्टा नाही, वृद्ध हातांना झेपतो. तुमच्या मुलाला सांगितले की काम आटोपले, तुला कशाला त्रास. तो म्हणाला, "सर, तरी एकदा बोलवायचं होतं, मोठ्यानं चांगलं आलं असतं." त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, मला तुमचाच भास झाला. या पत्राचे कागद घेऊन दहा मिनिटे चालत गेलो तर दुकान गाठून ते त्याच्या हाती देता येतील. ते मी करणार नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होते.

वर्षभर मी टिंबे, भिंगे, उजेड, वजन यांची तुलना केली, आणि ती आवडीने केली, हे खोटे नाही. पण तुमचा मुलगा "मीच येतो" म्हणाला त्याच संध्याकाळी माझा निर्णय झाला होता. मोठ्या कॅमेऱ्याबरोबर तो दाराशी आला असता आणि या खेपेला मी बाजूला होईन की नाही, याची मला खात्री नव्हती. छोटा कॅमेरा एकट्याला वापरता येतो. मी तो तेवढ्यासाठी घेतला.