पांढरा डबा

स्टोन क्रीक, माँटाना
ता. ११ जुलै १९९३

ति. एल्डनदादास सा. न. (वि. वि. शेवटी जागा उरली तर लिहीन),

तीन पानं लिहिली मी. दोन रविवार खडीच्या खाणीत ऊन खाऊन, एकेक आकडा उतरवून, जिभेचं टोक दातात धरून लिहिलेली तीन पानं. सहावीत शाळा सुटलेल्या बाईला तीन पानं लिहायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक आहे. आणि तुझं उत्तर काय, तर निवडुंगाचं चित्र असलेलं पोस्टकार्ड आणि त्यावर तीन शब्द. पांढरा डबा घे. का, कशासाठी, माझ्या आकड्यांचं काय झालं, एक अक्षर नाही. गुरांचा डॉक्टर गाईशी याहून जास्त बोलतो.

आता पुन्हा सांगते, नीट वाच. बाबांपासून आपण वापरत आलो ती लाल डब्यातली बंदुकीची दारू कारखान्याने बनवायचीच बंद केली. माझा शेवटचा डबा मे महिन्यात संपला. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी रिव्हॉल्वरच्या नेमबाजीची जोडीची स्पर्धा आहे आणि तिथे दुकानातली काडतुसं चालत नाहीत, हाताने भरलेलीच लागतात. म्हणजे तोवर मला नवी दारू ठरवलीच पाहिजे. म्हणून निळा, हिरवा आणि पांढरा असे तीन डबे आणले. निळा पहिल्याच दिवशी बाद, मनगटाला झटके देतो आणि गोळ्या कुठल्या कुठे जातात. हिरवा मात्र गुणी. दाणा खसखशीसारखा, मापातून पाण्यासारखा पडतो, थोडासाच लागतो. पाच गोळ्या झाडल्या, तर सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद यांच्यात फरक सेकंदाला फक्त बावीस फुटांचा. लाल डब्यानेही असं कधी दिलं नव्हतं. आणि तुझा पांढरा? भुशासारखा फुगीर, मापात अडकतो, बंदूक धुराड्यासारखी काळी करतो, फरक एकावन्न फुटांचा. असली दारू नवशिक्यांना सांगावी. मी तुझ्याशेजारी बसून एकोणीस वर्षं काडतुसं भरलीत.

वेग मोजायच्या यंत्राचं एक सांगते. पुढची गोळी सुटली की ते मागचा आकडा पुसून टाकतं. तू मागे खुर्चीत बसून आकडा ओरडायचास, लिहायचास. मी नुसता नेम धरायचे. आता मी एक गोळी झाडते, बंदूक खाली ठेवते, उठते, चष्मा लावते, वाकून आकडा वाचते, लिहिते, चष्मा काढते, परत बसते. पंधरा गोळ्यांत दुपार जाते. खुर्च्या मात्र सवयीने दोनच नेते. दुसरीवर डबे ठेवते. कानांवर झाकणं असतात तोवर काही वाटत नाही. काढली की खाण किती शांत आहे ते कळतं.

क्लबचा हॅल्वर त्याने भरलेली शंभर काडतुसं मला द्यायला निघाला होता. नको म्हटलं. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे बाबा आपल्याला चमच्याने भरवायचे. हॅल्वर वहीत जोड्या लिहितोय. माझ्या नावापुढे जागा कोरी आहे. तू येणार आहेस की नाही हे तुझ्या निवडुंगावर कुठेच लिहिलेलं नाही. थंडीत गुडघे धरतात म्हणून ऑक्टोबरात मार्लाकडे गेलास. लेकीकडे खुशाल राहा, पण सप्टेंबरात इथे थंडी नसते.

लोभ आहे म्हणून एवढी शाई घालवली. वि. वि.ला जागा उरली नाही.

तुझी,
ऑर्फा


टूसॉन, ॲरिझोना
ता. १९ जुलै १९९३

चि. ऑर्फास अ. उ. आ.,

पोस्टकार्डावरून रागावलीस ते बरोबरच आहे. इथे लिहिण्यासारखं काही घडत नाही. मार्ला सातला कामावर जाते. घरात थंड हवेचं यंत्र दिवसभर घोंघावतं. अंगणात गवत नाही, पांढरी खडी पसरली आहे आणि तिच्याकडे बघवत नाही इतकी ती चमकते. अकरा वाजता पोस्टमन येतो. तुझं पत्र असलं की तो लांबूनच हात उंचावतो.

तुझे आकडे तीनदा वाचले. चांगले आहेत, वजाबाक्याही बरोबर. पण तू बंदूक सपाट धरूनच गोळ्या झाडल्या आहेस. आता दोन कामं कर. प्रत्येक गोळीआधी नळी जमिनीकडे झुकव, मग सावकाश सरळ करून झाड. अशा पाच. नंतर नळी आभाळाकडे करून, तशीच सावकाश सरळ आणून, पाच. हे झालं एक. दुसरं घरी टेबलावर. एका रिकाम्या पितळी पुंगळीत हिरव्याचं एक माप घाल, आणि घातलंच नाही असं समजून आणखी एक घाल. वरून बघ. मग पांढऱ्याचं तसंच कर. पांढरा का, ते मी सांगण्यापेक्षा पुंगळीच सांगेल.

सप्टेंबरचं एवढ्यात विचारू नकोस. हॅल्वरची काडतुसं घेतली नाहीस, चांगलं केलंस. दुसऱ्याचा हात कुठे चुकला ते आपल्याला दिसत नसतं.

राग निवळला की लोभ पूर्ववत कर.

तुझा,
एल्डन


स्टोन क्रीक
ता. १ ऑगस्ट १९९३

ति. दादास सा. न. वि. वि.,

दोन्ही कामं केली. हिरव्याच्या नळी वर केलेल्या आणि खाली केलेल्या गोळ्यांत शंभरावर फुटांचा फरक पडला. पोत्याच्या तळाशी मूठभर धान्य उरावं तशी ती दारू पुंगळीत लोळते, आणि कुठे जाऊन पडली त्यावर गोळीचा वेग ठरतो. पांढऱ्याला त्याचं काही नाही, तो पुंगळी व्यापून बसतो. दोन मापांचंही बघितलं. हिरव्याची दोन मापं घातली तरी वर जागा उरते. गोळी बसेल, काडतूस दिसायला शहाण्यासारखं दिसेल. पांढऱ्याचं दुसरं माप टेबलभर सांडलं. आंधळ्यालाही कळेल. तर तुझं खरं, माझं खोटं. लिहिलं एकदाचं. हात झडला नाही.

आता दुसरं. माझा काटा अडकतोय, दोनदा तेच वजन केलं तर दोन आकडे दाखवतो. म्हणून काल तुझा काटा आणायला तुझ्या शेडमध्ये गेले. किल्ली तूच देऊन गेलास. काट्याखालचा खण उघडला, तर पिठाच्या पोत्याच्या फडक्यात तुझं रिव्हॉल्वर. टूसॉनला नेलं म्हणाला होतास. गोळ्यांची चक्री सहा घरांची होती ना? तीन उरलीत. वरची लोखंडी पट्टी केळ्याच्या सालीसारखी उलटली आहे. बाजूला हिरवा डबा. अर्धा. तुझ्या अक्षरात तारीख घातलेला.

ऑक्टोबरात भुवईवर तीन टाके घेऊन माझ्या दारात आलास आणि गाडीचं बॉनेट आपटलं म्हणालास. मी मलम लावत त्या बॉनेटचा उद्धार करत होते आणि तू मुकाट ऐकत होतास. मग आठ दिवसांत गुडघे काय, थंडी काय, घराला कुलूप काय. मी मूर्ख, तुला स्टेशनवर सोडायला आले आणि प्रवासाला ॲपल पायसुद्धा बांधून दिला.

काटा न घेताच परत आले. तिथल्या माझ्या खुर्चीवर बसले होते थोडा वेळ. शेडमध्ये उंदीर झालेत.

काय झालं ते लिही. पोस्टकार्डावर नको, ती पोस्टातली बाई वाचते. आणि माझी काळजी वाटते म्हणून गोड करून लिहू नकोस, मला गोड पचत नाही.

लोभ किती उरलाय ते तुझ्या पत्रानंतर बघीन.

ऑर्फा


टूसॉन
ता. ६ ऑगस्ट १९९३

चि. ऑर्फास अ. आ.,

तो खण तू उघडशील हे मला ठाऊक असणार. नाहीतर किल्ली मार्लाकडे दिली असती.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात तुझ्याआधी माझा लाल डबा संपला आणि मी हिरवा आणला. मलाही तो तुझ्यासारखाच आवडला. दहा तारखेचा शनिवार होता. शनिवारी आपण भरायला बसायचो, पण त्या दिवशी वासरांचा मोठा लिलाव होता आणि तू तिथल्या खानावळीत कामावर होतीस. मी एकटाच बसलो. लाकडी फळीत पन्नास पुंगळ्या उभ्या, एकेकीत एक माप. मध्येच खिडकीबाहेर हरणं आली. पाच होती, एक लंगडत होतं. तुला दाखवायला मी मान वळवली आणि तुझ्या खुर्चीशी बोललो. बोललो म्हणजे खरंच बोललो, मोठ्याने. मग हरणं निघून जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसलो. पुन्हा हात चालू केला तेव्हा मी कुठल्या पुंगळीवर होतो ते मला माहीत असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खाणीत चौथ्या गोळीला बंदूक फुटली. मी खाली बसलो होतो आणि हातात उरलेलं लोखंड बघत होतो. बोटं मोजली. दहा निघाली. शेजारी कुणी नव्हतं याचं मला फार बरं वाटलं. उरलेली काडतुसं एकेक करून उघडली आणि आतली दारू तोलली. सगळी बरोबर होती. एकाच पुंगळीत माप दोनदा गेलं होतं, आणि ते जाताना मला काहीच जाणवलं नव्हतं. भीती त्याचीच वाटते. चूक होताना कळली असती तर मी पुन्हा बसलो असतो.

तर आता हिशेब असा आहे. माझ्या हाताने भरलेलं मी झाडणार नाही. दुसऱ्याच्या हातचं झाडायचं नाही हा बाबांचा नियम. दुकानातलं स्पर्धेत चालत नाही. म्हणजे संपलं. ज्या माणसाला तिथे खुर्चीत बसून नुसतं बघायचं आहे त्याने गावात कशाला राहायचं? तुला हे सांगायची लाज वाटली. तुला काटा वाचायला मीच शिकवलं होतं.

तू पांढरा घे. तो काळा करतो, मापात अडकतो, पण दोनदा घातला तर सांडतो. आता तूही एकटीच बसतेस, म्हणून सांगतो.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

एल्डन


स्टोन क्रीक
ता. ११ ऑगस्ट १९९३

ति. दादास सा. न. वि. वि.,

पत्र खानावळीत वाचलं, भटारखान्यात, बटाटे करपवले. मालकिणीने विचारलं काय झालं, तर म्हटलं भाऊ गाढव आहे. ती म्हणाली तिचाही आहे.

लाज कसली वाटली तुला? गावातल्या दर दुसऱ्या माणसाने कधीतरी काहीतरी उडवलंय. आणि दहा महिने तिकडे पांढऱ्या खडीकडे बघत बसलास. इकडे मी शनिवारी शनिवारी एकटी बसून भरत होते, आणि माझं काही चुकलं म्हणून तू निघून गेलास असं समजत होते. ते तुला कधी लिहिलं नाही, आज लिहिते. काय चुकलं ते शोधून शोधून मी पार तुझ्या साठाव्या वाढदिवसाच्या केकपर्यंत मागे गेले होते.

आता ऐक. हिरवा डबा मी क्लबात नेऊन दिला. तुझ्या शेडमधलाही. पांढरा घेतला. तो माझ्या मते अजूनही घाणेरडाच आहे, पण टेबलाशी माझ्याबरोबर दुसरं कुणी नाही आणि त्याला बोंब मारता येते. तुझा काटा आणला. दोन रात्री जागून दोनशे काडतुसं भरली. टेबलावर एकच डबा. रेडिओ बंद. पन्नास पुंगळ्या भरल्या की बॅटरी घेऊन एकेकीत डोकावले, मग चष्मा पुसून पुन्हा डोकावले. शंभर माझी. शंभर वेगळ्या खोक्यात आहेत, वर तुझं नाव आहे.

बाबांचा नियम मला सांगू नकोस, मला तो तुझ्याइतकाच पाठ आहे. दुसऱ्याचं झाडायचं नाही म्हणाले होते. मी काय दुसरी आहे का? एका टेबलाशी एकोणीस वर्षं बसलो, माझ्या हाताला सवयी लागल्या त्या तुझ्या. हॅल्वरला जाऊन विचारलं, वही उघडून दाखव म्हटलं. काडतूस हाताने भरलेलं पाहिजे एवढंच त्यात आहे, कुणाच्या हाताने ते कुणी लिहिलेलं नाही. त्याने दोनदा वाचून बघितलं आणि चालेल म्हणाला. रिव्हॉल्वर माझंच दोघांना, आधी मी, मग तू.

तू झाडलीस तर पहिल्या गोळीला माझाच श्वास अडकेल, तुझा नाही. ते मी बघून घेईन. आणि नाहीच झाडलीस तर खाणीत दुसरी खुर्ची आहे, आकडा वाचायला ये. मी उठून बसून, उठून बसून कंटाळले, दादा.

ती लंगडी हरिणी यंदाही आली होती. पिल्लू आहे बरोबर. तुझ्या खिडकीतून दिसली.

लोभ होता तिथेच आहे, त्याची चौकशी नको. हॅल्वर शनिवारी वही बंद करतो. येतो की येत नाही ते मला शुक्रवारी, २० ऑगस्टला हातात पाहिजे. या वेळी पोस्टकार्ड चालेल.

तुझी,
ऑर्फा