थॉर्नबीबाईंच्या कादंबरीचा फैजपुरी शेवट

फैजपूर,
रविवार, ता. १७ जानेवारी १९५४

तीर्थस्वरूप गिरधरनाना यांस,

धुळ्याच्या दिशेला तोंड करून, कमरेत वाकून जीवरामाचा नमस्कार. (खरोखर वाकलो. कंबर अजून धरलेली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? अक्का एरंडाची पानं बांधत असतील तर बांधू द्या. डॉक्टरला सांगू नका आणि डॉक्टरचं औषध चालू असेल तर ते अक्कांना सांगू नका, म्हणजे दोन्हींचा गुण येईल. इकडे आम्ही उभयता खुशाल. थंडी मात्र अशी पडली आहे की केळीची पानं कडेनं काळी पडली आणि अख्खं गाव रोज सकाळी आजाऱ्याची नाडी बघावी तसं बागांत जाऊन पानं बघून येतं.

वि. वि. तुमचं कार्ड पावलं. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत ‘लॅव्हिनिया थॉर्नबी : जीवन व वाङ्मय’ या विषयावर माझं नाव तुम्ही फलकावर लावलंत, ते वाचून अंगावर मूठभर मांस चढलं आणि ‘निबंध कोठे आहे?’ या पुढच्याच ओळीनं ते उतरलं. नाना, निबंध तीन वर्षं चालू आहे हे तुम्ही जाणताच. सत्तेचाळीस साली तो धुळ्याचा साहेब सामान विकून मायदेशी गेला, तेव्हा तुम्ही थॉर्नबीबाईंची तीन भागांची कादंबरी लिलावात घेतलीत, पहिले दोन भाग मला दिलेत आणि तिसरा स्वतःकडे ठेवलात. (कपाटाचा एक पाय आखूड होता, असं त्या वेळी कारण पडलं होतं.) त्या दोन भागांवर आणि आरंभी छापलेल्या बाईंच्या चरित्रावर मी चौदा पानं लिहिली. पंधरावं का झालं नाही, त्याची हकीकत आता सांगतो.

मला लिहिलेलं मोठ्यानं वाचायची सवय आहे. मार्गशीर्षात एका संध्याकाळी ओट्यावर बसून वाचत होतो. शेजारच्या कुंदाबाई आणि गल्लीतल्या चार-पाच जणी तिथेच भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. कुंदाबाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मागे एक मुलगी आणि दीड बिघा केळी. त्यांनी विचारलं, “मास्तर, तीन वर्षं झाले, तुम्ही कोन्या बाईचं सुतक पाळून राह्यले?” मी म्हटलं, सुतक नव्हे, थोर लेखिका होती, जाऊन ऐंशी वर्षं झाली. मग चरित्र सांगावं लागलं. आई लवकर वारली, पाठची पाच भावंडं हिनंच वाढवली, घर उठायच्या आत पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सतरा कादंबऱ्या लिहिल्या, आणि पहिल्या चार भावाच्या नावानं छापल्या. मला वाटलं सतरा या आकड्यानं बायका थक्क होतील. सतराचं कुणाला काही नाही. “अन् चूल कोन पेटवे?” असं एकीनं विचारलं. मी म्हटलं तीच. दुसरी म्हणाली, भावानं नाव दिलं, पण भांडी घासली का? याचं उत्तर चरित्रात नाही, नाना. त्या दिवशी प्रथमच मला त्या चरित्रात काही तरी उणं आहे असं वाटलं.

मग कादंबरी सांगायला लागलो, रोज दिवेलागणीपर्यंत. कथा तुम्हाला ठाऊकच आहे (कपाट हलवलं असेल तर): एलिनॉर नावाची मुलगी, बाप मेलेला, मागे सफरचंदाची बाग, बागेवर चुलत्याचा डोळा. एलिनॉरची दुसऱ्या दिवशी एलाबाई झाली. सफरचंद इथे कुणी चाखलेलं नाही, पण बागेवर हिम पडतं ते प्रकरण सांगितलं तेव्हा शेंगा फोडणारे सगळे हात थांबले. एलाबाई रात्रभर बागेत शेकोट्या पेटवते, हे ऐकून दुसऱ्या पहाटे कुंदाबाईंनी आपल्या केळीत धूर केला.

आणि दुसरा भाग संपला. चुलत्यानं कागद पुढे ठेवला आहे, एलाबाईच्या हातात लेखणी आहे, आणि पुढे कोरं पान. मी बायकांना खरं सांगायला हवं होतं. पण मास्तराला ‘ठाऊक नाही’ म्हणणं जड जातं. मी शेवट रचला: एलाबाई गुमान सही करते, तिचा चांगुलपणा पाहून चुलत्याला पाझर फुटतो, तो कागद फाडून तिला पोटाशी धरतो. एकीनं सुपातली टरफलं उगाच पाखडली. कुंदाबाई सूप तिथेच टाकून घरी गेल्या.

तेव्हा आमच्या घरातून सुंदरबाई बाहेर आली. (ही इतके दिवस दाराआड भाकरी थापत ऐकत होती हे मला माहीत नव्हतं. भाकरी करपत होत्या, तेव्हा समजायला हवं होतं.) ती म्हणाली, “तसं नही शे ते. पुढलं मी सांगस. तिले बलावा.” कुंदाबाईंना परत बोलावलं. हिनं पदर खोचला आणि सांगितलं की एलाबाई लेखणी खाली ठेवते आणि म्हणते, काका, आधी हा कागद मोठ्यानं वाचा, घरात नको, बागेत, गड्यांच्या समोर. एवढंच. पुढे काय झालं, असं मीच विचारलं, तर म्हणाली, पुढे काय व्हायचं? ज्याचा कागद खरा तो वाचेल.

चौथ्या दिवशी कुंदाबाईंचे दीर कौतिकभाऊ कागद घेऊन आले. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहिल्या आहेत, अंगठा कर, म्हणाले. कुंदाबाईंनी भिंतीवरून हाक मारली, “मास्तर, वाचाले या!” नाना, मी भित्रा माणूस आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? कौतिकभाऊंचा दंड माझ्या मांडीएवढा. पण मागे सुंदरबाई उभी होती, म्हणून पळता येईना. गल्ली जमली होती. मी कापऱ्या आवाजात वाचलं. पाण्याच्या पाळ्या तीन ओळींत होत्या. चौथ्या ओळीपासून दीड बिघा केळी, विहिरीतल्या हिश्शासह, राजीखुशीनं कायमची दिराला. कौतिकभाऊ म्हणाले, लिहिणाऱ्याची चूक झाली. कुंदाबाई म्हणाल्या, “मंग त्यालेच अंगठा मागा,” आणि आत जाऊन रडल्या. आम्ही बाहेर सगळ्यांनी ते ऐकलं. कौतिकभाऊंनी कागदाची घडी केली, परत उलगडली, परत केली, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत हेडमास्तरांकडे तक्रार घेऊन आले की तुमचा मास्तर बायकांना विलायती बाईच्या नादी लावतो. हेडमास्तरांनी मला बोलावून पुस्तक अभ्यासक्रमात आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर, मग त्याचा परिणाम होणारच, म्हणाले. आणि कालपासून कौतिकभाऊंची बायको बेबाबाई आमच्या ओट्यावर येऊन बसते. कोपऱ्यात बसते, पण शेंगा स्वतःच्या घरून आणते.

आता माझ्या चौदा पानांत ‘थॉर्नबीबाईंचा इंग्रजी कादंबरीवरील प्रभाव’ यावर साडेतीन पानं आहेत. त्यांतलं एक वाक्य मला आता वाचवत नाही.

अक्कांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
जीवराम

ता. क. : मुख्य विनंती राहिली. फलकावरचं माझं नाव पुसून तिथे ‘सुंदरबाई’ लिहावं. विषय तोच राहू द्या. ती बोलेल, मी शेजारी बसून पाणी देईन. वाचनालयाचे सभासद काय म्हणतील याची काळजी तुम्ही करा. तुम्ही चिटणीस आहात.

आणखी एक : मागच्या महिन्यात मी मागितलेला तिसरा भाग काल शनिवारी टपालानं मिळाला. कपाट आता कशावर उभं आहे? एका बैठकीत वाचला. नाना, थॉर्नबीबाईंनी थेट माझाच शेवट लिहिला आहे! सही, पाझर, पोटाशी धरणं, सगळं. मला अभिमान वाटायला हवा होता. पण पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बाईनं असं लिहावं याचं मला फार वाईट वाटलं. तिच्या भावाला तसाच शेवट हवा असेल, असं मी ठरवून टाकलं आहे. पुस्तक लपवून ठेवलं आहे. हिला कळू देऊ नका.

नानांना नमस्कार. यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पुस्तक तुरीच्या कोठीत शे. माले इंग्रजी येत नही, पण शेवटलं पान वाचताना यांचं तोंड पाहिलं तेव्हाच समजलं, आणि मी बायकांना काही सांगितलं नही. यांनी सगळं खरं लिहिलं नही. कागद वाचताना यांचा आवाज कापला नव्हता. मी मागेच उभी होती. धुळ्याला मी येईन. पण बायकांना पुढे बसवा. मागे बसवल्या तर मी बोलणार नही.
— सुंदरबाई