सासऱ्यांचे बुकमार्क हलवताना

३ मार्च

सासरेबुवांच्या जुन्या ब्राउझरने मान टाकली. बँकेची साइट उघडेना. ‘नवा टाकून दे, सूनबाई. पण माझे बुकमार्क जसेच्या तसे हवेत!’ — हुकूम. नवऱ्याला कॉम्प्युटर माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण त्याला नेमकी मीटिंग असते.

काय काय आहे बघितलं. हवामान, बातम्या, बँक, औषधं आणि ‘डाव’. डाव म्हणजे बुद्धिबळ. कुणी अनोळखी माणूस वर्षभर यांच्याशी खेळतोय. नाव नाही, गप्पा नाहीत, दिवसाला जमली तर एक चाल. पहिला डाव सासरे हरले, आता दुसरा चालू आहे. त्या साइटवर खातं वगैरे भानगड नाही. ज्याच्याकडे लिंक, तो खेळणार. ‘काय डोकं आहे त्या माणसाचं!’ म्हणाले. यांच्या तोंडून कुणाचं कौतुक मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

४ मार्च

ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणे, ‘दोन क्लिकचं काम आहे, मॅडम.’ याचं सगळंच दोन क्लिकचं. माझा प्रिंटर गेले दोन महिने दोन क्लिकांवर अडलाय.

५ मार्च

झालं एकदाचं! पहिल्यांदा ‘आयात करा’ दाबलं, काहीच दिसेना. परत दाबलं. मग कळलं, सगळं एका फोल्डरात जाऊन बसलंय — आणि आता दोनदोनदा! एका नावाचं एकच ठेवलं, बाकीचं झाडून काढलं. जुना ब्राउझर काढताना विचारलं, माहितीही पुसायची का? हो म्हटलं. अर्धवट काम मला आवडत नाही.

सासरे ‘बरं’ म्हणाले. म्हणजे आमच्याकडे हारतुरेच.

६ मार्च

घ्या!! ‘डाव’ नावाचे बुकमार्क मुळातच दोन होते. एक चालू डावाचा, एक संपलेल्याचा. मी बाईसाहेबांनी संपलेला ठेवला.

‘हा तर मी हरलेला डाव आहे!’ सासरे ओरडले. ‘दुसऱ्याची वस्तू न विचारता टाकतं का कुणी?’

स्वयंपाकघरात पातेलं आपटलं. ‘सांग त्यांना, टाकतात! काही लोक तर बायकोचं शिलाई मशीनसुद्धा भंगारात टाकतात!’ — सासूबाई. त्या मशीनपायी वर्षभर दोघांचा अबोला आहे. निरोप माझ्यामार्फत. आजचा पोचवायची गरज पडली नाही, गल्लीत ऐकू गेला असेल.

७ मार्च

कॉम्प्युटरवाला: ‘आधी बुकमार्कची फाईल काढून ठेवायची, मॅडम. नव्यात घ्यायची, एकेक उघडून बघायचं, आणि मगच जुना काढायचा.’ हे तेव्हाच सांगायला काय जीभ झिजत होती?

लिंक कुठल्याशा निनावी पत्त्यावरून मेलवर आली होती म्हणे. पण सासरे मेल वाचला की पुसतात, वर कचऱ्याचा डबाही रिकामा करतात. स्वच्छतेची आवड! चार दिवसांत चाल केली नाही तर डाव गेला, असा नियम. म्हणजे परवा संध्याकाळपर्यंत.

८ मार्च

काही सापडलं नाही.

सासऱ्यांनी लाकडी पट काढून तो डाव तसाच्या तसा मांडला. सगळ्या चाली पाठ आहेत! एक चाल स्वतःची करतात, मग पलीकडच्या खुर्चीत जाऊन त्याची. नवरा म्हणाला, ‘त्यात काय, नवा मांडा की दुसऱ्या कुणाशी.’ सासऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याला लगेच मीटिंग आठवली.

‘तो म्हणेल, म्हातारा घाबरून पळाला,’ मला हळूच म्हणाले. जेवलेही नाहीत धड. एरवी मी यावर दोन दिवस हसले असते. पण वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. दिवसभरात या माणसाची वाट बघणारं तेवढं एकच कुणीतरी होतं, आणि ते मी साफसफाईत घालवलं. सासूबाई मात्र फोनात डोकं घालून बसलेल्या. त्यांना काय त्याचं!

९ मार्च

भांडी लावत होते. सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘ही घे त्यांची लिंक. मी हा डाव मांडला तेव्हा साइटने दोन दिल्या होत्या. एक मी ठेवली, एक त्यांना पाठवली.’

मी फोनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

‘बघतेस काय? जा, चिकटव, वेळ संपेल. आणि मी दिली म्हणून सांगू नकोस हं! कळलं तर तिथलंही बोलणं बंद करतील.’